खाचरावरचा फ्लॅट

बदलापुरात कुळगावच्या बाजूच्या जमिनी बिल्डरांना गेल्या, तेव्हा मोबदल्यात फ्लॅट निवडायची पहिली संधी मूळ मालकांना मिळाली. शहाण्यांनी वरचे मजले घेतले, उजेडाचे, वाऱ्याचे. गोदूबाईंनी तळमजला घेतला, तोही अगदी मागच्या कोपऱ्यातला. बिल्डरच्या माणसाने परोपरीने समजावलं, पण बाई नकाशावर बोट ठेवून बसल्या त्या बसल्या.

"ह्याच्याखाली माजा खाचर हाय. दिवाळीपरत पानी हटायचा नाय त्याच्यातला. मना हाच पायजे."

खाचर म्हणजे बांध घालून पाणी अडवलेलं भाताचं शेत. गोदूबाईंच्या या खाचराला उपळ होती, म्हणजे जमिनीतून आपसूक वर येणारं पाणी. आजूबाजूची शेतं सुकून भेगाळली तरी यांचं भात हिरवंगार उभं असायचं. त्या उपळीचा बाईंना पोटच्या पोरीसारखा अभिमान. वर सिमेंट पडलं म्हणून काय झालं, आपले पाय तिच्यावरच राहतील, एवढंच त्यांनी पाहिलं. तिचं पाणी भिंतीत चढेल, हे काही त्यांच्या ध्यानीमनी आलं नाही.

मुलगा हरेशशी लग्न होऊन सून तेजल आली ती याच घरात. सासरे शंकरराव तोवर गेले होते. जमिनीचा पैसा त्यांच्या आजारपणात आणि लग्नकार्यात विरघळून गेला होता. उरला होता बाईंच्या नावावरचा हा फ्लॅट आणि वांगणीला भाताचा एक लहानसा तुकडा. त्या तुकड्यातलं भात साठवायला बाईंनी आतल्या खोलीत चक्क कणगा घातला होता. बांबूच्या कामट्यांचा, शेणाने लिंपलेला, माणसाएवढा उंच. विणणारा वांगणीहून आला आणि खोलीतच बसून विणून गेला. काम झाल्यावर सगळ्यांच्या लक्षात आलं की हा आता दारातून बाहेर निघायचा नाही. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. बाहेर काढायचा होता कुणाला?

बुरशी आधी कपाटामागे आली, मग देवांच्या तसबिरींमागे. तेजलच्या लग्नातल्या शालूवर तिने अशी नक्षी काढली की विणकराने तोंडात बोट घालावं. हरेशचा पट्टा पांढरा झाला, चपला हिरव्या झाल्या. तेजल पदर खोचून ब्लीचिंगने भिंत घासायची, हात सोलवटून निघायचे, आणि आठवडा उलटत नाही तो बुरशीबाई पुन्हा हजर! तेजलला संताप यायचा, पण खरं सांगायचं तर थक्कही व्हायला व्हायचं. ना माती, ना ऊन, ना खत, आणि ही बया चुन्यावर संसार थाटते. आपल्याला का जमू नये एवढी चिकाटी, असं एकदा तिच्या मनात आलं आणि तिचं तिलाच हसू फुटलं.

पण ओवीचा श्वास वाजू लागला तसं ते हसू पळालं. ओवी त्यांची लेक, चार वर्षांची, आजीजवळ आतल्या खोलीत झोपायची. झोपेत तोंड उघडं, छाती भात्यासारखी वरखाली. उल्हासनगरच्या डॉक्टरांनी औषधं लिहिली, वाफ घ्यायचं यंत्र आणायला सांगितलं आणि शेवटी चष्मा काढून म्हणाले, "औषध मी देईन हो, पण पोरगी झोपते कुठे ते बघा. घर बदला."

घर बदला! हे काय कपडे बदलण्याइतकं सोपं आहे? हरेश अंबरनाथच्या कारखान्यात कामाला, पगार महिनाअखेरीला कसाबसा पोचायचा. "स्वतःचं घर बंद ठेवून दुसऱ्याला भाडं भरायचं? लोक येडा बोलतील मला," तो म्हणाला. मग घर विकायला एजंट चंदरला बोलावलं. त्याने भिंतीवर टिचकी मारली, वास घेतला आणि जराही न अडखळता म्हणाला, "टेन्शन कायको? पुट्टी मारा, वर ऑइल पेंट. थंडीत गिऱ्हाईक आणतो, तेव्हा भिंत एकदम सुकी दिसते. बस, आईंची सही पाहिजे."

"मी घर सोराची नाय," गोदूबाई म्हणाल्या. "पोरी काय खोकत नाय का कोनाच्या? हरेश पन खोकायचा."

"आई, तिला रात्री श्वास मिळत नाही," तेजल म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचाही नव्हता.

"मंग तुमी जा. मी हितं हाय."

म्हातारीला एकटीला टाकून हरेश जाणार नव्हता, आणि त्याच्याशिवाय भाडं झेपणार नव्हतं. तेजलने सासूशी बोलणं टाकलं. ताट वाढायचं, ताट उचलायचं, बस्स.

गणपती होऊन गेले आणि घरातले तांदूळ संपले. भात गिरणीत भरडायला न्यायचं म्हणून तेजलने कणग्यात हात घातला. वरचं भात कोरडं होतं. मग तिने खाली कोपरापर्यंत हात खुपसला आणि किंचाळून बाहेर काढला. आत ऊब होती. तापलेल्या माणसाच्या अंगासारखी ऊब.

आता मात्र कणगा फोडण्यावाचून इलाज नव्हता. हरेशने कोयता उचलला तसा बाईंनी तो त्याच्या हातून काढून घेतला. "मी घातला, मीच कापीन." त्यांनी वरून खाली एक रेघ मारावी तसा कोयता ओढला. कामट्या कडाकडा सुटल्या, भात घरभर पसरलं आणि मागची भिंत उघडी पडली.

  जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंत भिंत जिवंत होती. काळी मखमल, तिच्यावर शेवाळी गोल, गोलात गोल, कडेला केशरी रेघा, मधेच कापसासारखे पांढरे झुपके, आणि या सगळ्यावर पाण्याचे बारीक थेंब चकाकत होते. एवढं मोठं काम चालू होतं पलंगापासून दोन हातांवर, आणि घरात कुणाला पत्ता नव्हता. तेजलला भीती वाटायला हवी होती. तिला देवळाच्या गाभाऱ्यात उभं राहिल्यासारखं वाटलं.

आणि खाली, कणग्याच्या बुडाशी, भात रुजलं होतं. अंधारात उगवलेले फिकट पिवळे कोंब, दाटीवाटीने, ओल्या फरशीवर मुळं पसरून उभे. रोपच होतं ते, आवणीला, म्हणजे लावणीला काढावं असं.

गोदूबाई हळूच खाली बसल्या. त्यांनी कोंबांवरून हात फिरवला, मग भिंतीला तळवा टेकवला. पाणी त्यांच्या मनगटावरून ओघळलं. "उपळ हाय," त्या पुटपुटल्या. "माजी उपळ. एवरा सिमेंट घातला तरी मेली नाय गो ती." त्यांच्या चेहऱ्यावर असं काही उमटलं होतं की तेजलने आशाच सोडली. आता ही बाई इथून मेल्याशिवाय हलत नाही, तिला वाटलं.

तेवढ्यात दारातून ओवी खोकली. खोकतच राहिली, भिंतीला धरून, वाकून.

गोदूबाईंनी मान वळवली. त्या नातीकडे बघत राहिल्या, मग तिच्या अंथरुणाकडे, मग पुन्हा त्या कोंबांकडे.

"आवनी लावताना हरेशला मी बांधावर निजवायची," त्या म्हणाल्या. "सुक्या जागेला, पेंढ्यावर, वर इरला घालून. किती पन घाई असली तरी खाचरात कोन लेकरू निजवतं का?" त्यांनी भिंतीवरचा हात काढला. "आन मी निजवली गो. रोज निजवली."

तेजलने त्यांचा ओला हात आपल्या पदराने पुसला.

चंदर दुसऱ्या दिवशी कागद घेऊन हजर. बाईंनी सही केली नाही. "आमच्या पोरीची छाती भरली, आता रंग मारून दुसऱ्याची भरू का? कुलूप लागंल घराला." तेजलच्या मनात लोभ हलला, नाही असं नाही. त्या पैशात कितीतरी सुटलं असतं. पण ती भिंत पाहिल्यावर तिच्याने 'विका' म्हणवलं नाही.

मग ओढाताण सुरू झाली, ती अजून संपलेली नाही. हरेशने जिवापाड जपलेली मोटरसायकल डिपॉझिटसाठी विकली आणि ओव्हरटाइम मागून घेतला. तेजल उल्हासनगरला कॅम्प एकमधल्या कापडाच्या दुकानात कामाला लागली. गाद्या, कपाट, शालू, सगळं टाकून द्यावं लागलं. बुरशी सोबत न्यायची नव्हती.

वांगणीला तिसरा मजला मिळाला, लिफ्ट नसलेला म्हणून स्वस्त. गोदूबाई गुडघे धरून, प्रत्येक वळणावर जिन्याला शिव्या घालत वर चढल्या. दसऱ्यानंतरची एक दुपार. तेजलला सुट्टी होती. चटईवर ओवी झोपली होती, तोंड मिटून. तेजलने तिच्या नाकाशी बोट धरलं. श्वास येत होता, जात होता, आवाज न करता. इतकं साधं काहीतरी तिने जन्मात पाहिलं नव्हतं. ती बघतच राहिली.

शेजारी गोदूबाई बसल्या होत्या. त्यांनी फरशीवर तळवा ठेवला, सरकवला, पुन्हा ठेवला, इथे, तिथे, भिंतीच्या कडेला. जन्मभर ज्या ओलीवर त्यांचा जीव होता, ती तिथे कुठेच नव्हती.

"कोरडा हाय गो," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले. नातीच्या अंगावरचं पांघरूण त्यांनी नीट केलं आणि त्याच कोरड्या फरशीवर तिच्या शेजारी आडव्या झाल्या.