विमानाच्या पंखाचं रफू

मंगरूळपीरचा युनूस रफूगार जर्मन लढाईवरून परतला तो उजव्या हाताची तीन बोटं जाळून. सुई धरता येईना. हुकूम असा होता की, लढाईवरून आलेल्याला कचेरीत चपराशाची जागा द्यावी. लढाईवर गेल्याचा दाखला मात्र भागातल्या प्रतिष्ठितानं द्यावा. प्रतिष्ठित म्हणजे नानाजी देशमुख. अकरा माणसं लढाईवर धाडल्याबद्दल सरकारनं त्यांना सनद दिली होती. भाचा जगदेव त्यांनी धाडला नव्हता, कारण त्याला चपराशी करायचं होतं.

कचेरीच्या ओट्यावर चौकशी बसली. लिहायला कारकून शालिग्राम.

"कोन्त्या पलटनीत व्हता बे?" नानाजींनी विचारलं.

"पलटन नाही, नानाजी. जहाज. त्याच्यावर विमानं राहेत."

"विमान उडते ना?"

"उडते."

"मंग त्याले जहाजावर कायले वाहून नेतेत? बैल बंडीले वढते का बंडी बैलाले?"

शालिग्राम हसला. तेवढ्यासाठीच त्याला बोलावलं होतं.

"बंडीवर बैल कवा चढते, सांगू?" नानाजी म्हणाले. "मेल्यावर."

"आमचे बी लय जन तसेच चढले," युनूस म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्या विमानाला चाकं नसतात, खाली दोन होड्या असतात. जहाजावरून साखळीनं पाण्यात सोडतात. ते पाण्यावरून उडतं, तुर्कांच्या तंबूंवर बाँब टाकतं आणि चाळणी होऊन परत येतं. पंख कापडाचे. रफू युनूसचं. एक दिवस पेट्रोल पेटलं. आतल्या साहेबाला ओढताना बोटं गेली.

"म्हंजे लढाईत तू शिवनकाम केलं. ते त इथंबी करत व्हता. लिही रे शालिग्राम, हा जहाजावर चढलाच नाही, मुंबईतच लपून व्हता."

"लिहा," युनूस म्हणाला. "पन तुमच्या अकरातला एक मी हावो. मी गेलो नसन, त सनदीत दहाच उरतेत."

शालिग्रामचा टाक थांबला. युनूसनं सदऱ्यातून दोन हात लांब, पिवळट, रोगण चढवलेलं कापड काढलं. त्यातलं रफू डोळ्यांना दिसत नव्हतं, बोटालाच लागत होतं. नानाजींनी त्यावर तांब्या उपडा केला. पाणी घरंगळून गेलं. नानाजींनी कापड उलटून पाहिलं. खालून कोरडं.

"हे सरकारी कापड. तुह्याजवळ कसं?"

"फाटकं व्हतं. साहेबानं देल्लं."

"चिठ्ठी हाय साहेबाची?"

चिठ्ठी नव्हती.

"मंग चोरी."

"चोरीच लिहा. जहाजावरून विमानाचं कापड चोरलं, असं लिहा, अन् खाली सही करा."

शालिग्रामनं टाक दौतीत बुडवला. नानाजींनी त्याचा हात धरला. सही करण्याआधी मजकुराचा विचार करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. मग त्यांनी कापडाची घडी केली आणि बुडाखाली घेतली.

"कोन्तं कापड?" ते म्हणाले.

शालिग्रामनं इकडेतिकडे पाहिलं. त्यालाही दिसलं नाही.

"लिही. आमी धाडला. पुढं कुठं गेला, पुरावा नाही."

जगदेव चपराशी झाला. पावसाळ्यात तो शेलूबाजारच्या वाटेनं कचेरीचे कागद जिल्ह्याला नेतो, ते बगलेत एका पिवळट कापडात गुंडाळून. आत थेंब जात नाही. त्याच गठ्ठ्यातून युनूसचा जागेसाठीचा अर्ज तीनदा जाऊन आला. तिन्ही वेळा शेरा एकच: पुरावा जोडावा.

अर्ज अजून कोरडा आहे.