स्टँडवरचा फ्लेक्स

पुण्यापासून लांब असलेल्या उंद्री गावच्या स्टँडवर फ्लेक्समध्ये प्रतीक्षा हसत होती आणि घरात तीच प्रतीक्षा उशीत तोंड खुपसून रडत होती. मंडळी, आपल्याकडं पोरांनी काही मिळवलं की आधी फ्लेक्स लागतो, चौकशी मागून होते! भाजीचा मळा करणाऱ्या हिंमतरावांनीही तेच केलं. पोरीला बायोइन्फॉर्मेटिक्सच्या एम.एस्सी.साठी, म्हणजे संगणकावर जनुकांचा अभ्यास करायला, पुण्याचं कॉलेज मिळतंय म्हणताच गावभर पेढे वाटले.

कालच प्रतीक्षा ते कॉलेज पाहून आली होती. इमारत चकाचक, पण हा विषय शिकवणारा कायमचा एकही प्राध्यापक नाही. "आम्ही मोबाइलवर व्हिडिओ पाहूनच शिकतो," असं तिथल्या मुलींनीच सांगितलं. इकडं नागपूरच्या सरकारी विद्यापीठात याच विषयाच्या विभागात प्रवेशासाठी तिचं नाव लागलं होतं. तिथं शिकवणारी माणसं होती, प्रयोगशाळा होती. होकार कळवायचा आज शेवटचा दिवस.

"बाबा, पाया पडते तुमच्या, मले नागपूरले जाऊ द्या!"

"आन् गावाले काय सांगू? पुण्यात पोरीचं जमलं नाही म्हनतीन लोकं! मले तोंड दाखवाले जागा राहीन काय?"

"मंग मी तिथं जाऊन करू काय? माह्या जिंदगीचं वाटोळं होऊन राह्यलं, बाबा!" हिंमतरावांनी मान फिरवली.

तिची आई मंजुळाबाई आतून हे सगळं ऐकत होत्या. आता त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"मिरचीचं रोप घ्याले नर्सरीत जाता, तवा बोर्ड पाहून घेता काय हो? ट्रेमधून काढून मुळी पाहता. नर्सरीवाला चिडला तरी पाहता! मंग पोरीच्या बारीले काऊन नाही पाह्यलं? तिनं सोता पाह्यलं, तं तुमाले फ्लेक्सची पडली!"

हिंमतरावांनी मान वळवून पाहिलं. समोर पोरीचे सुजलेले डोळे होते. अरेरे, हे आपणच केलं!

"कळव नागपूरले," ते म्हणाले. "आताच्या आता कळव!"

मग भर दुपारी ते शिडी घेऊन स्टँडवर गेले. फ्लेक्सच्या दोऱ्या सोडू लागले, तसं पानटपरीवरून कोणीतरी ओरडलं, "काऊन बे हिंमत, पोरगी नापास झाली काय?"

"पोरगी पास हाये बे! बाप नापास झाला होता," ते वरूनच म्हणाले.

मंडळी, गावाचं बोलणं चार दिवसांत विरतं. लेकरांची वाया गेलेली वर्षं परत येत नाहीत. म्हणून कॉलेजच्या नावाआधी एवढं विचारा, की तिथं शिकवतं कोण? आणि लेकरू 'इथं नको' म्हणालं, तर आपला मान घडीभर बाजूला ठेवून त्याचं ऐका.