नववा कप

टिक्. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडलं आणि रविवारची पेंगुळलेली दुपार मोडली. लेकीनं चिमणीसारखं तोंड वासलेलंच होतं. छोट्या कपात पाचच्या रेघेपर्यंत औषध ओतलं आणि माझा हात तिथेच अडला.

असले कप आमच्याच कारखान्यात होतात. तपासणी माझ्याकडे. रेघेपर्यंत पाणी भरायचं, तराजूवर ठेवायचं, पाण्याचं वजन पाच ग्रॅम आलं पाहिजे. हजारोंतून नऊच कप उचलतो, म्हणून टी-टेस्ट लावतो. नऊंची सरासरी पाचापासून किती सरकली, ते त्या आकड्यांच्या विखुरण्याशी ताडून बघायचं. आकडे फार विखुरलेले असले, तर ते सरकणं योगायोगात खपून जातं.

शुक्रवारी आठ कप झाले. कुणी चार पूर्णांक आठ, कुणी चार पूर्णांक सात, कुणी चार पूर्णांक नऊ. पाचाला एकही शिवेना. नववा ठेवला आणि पाळणाघरातून फोन आला, "पोरगी तापलीय हो, लवकर या." गडबडीत भांड्यातलं पाणी तराजूच्या ताटलीवर सांडलं. आकडा आला पूर्ण सहा ग्रॅम. मी सहा लिहिला आणि टेस्ट लावली. उत्तर आलं शून्य पूर्णांक पाच. पास! साधारण सव्वादोनपर्यंत चालतं.

मग पर्स खांद्याला लावून, उभ्या उभ्या, तो सहा खोडून पाहिला. उत्तर साडेसात. दणदणीत नापास.

मी तो सहा परत लिहिला.

आमच्या साहेबांना सगळे पाठीमागे 'दशांश' म्हणतात. त्यांनी कागद पाहिला. "नऊच्या नऊ घेतलेत ना? आवडला नाही म्हणून आकडा गाळायचा नाही हं."

"एकही गाळला नाही, सर."

शब्द न् शब्द खरा होता, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

लेकीला औषध पाजलं, ओठ पुसले आणि पलंगाच्या कडेला बसूनच फोन लावला. सोमवारी सकाळी माल जाणार होता. कुणाकुणाच्या घरी रोज थोडं थोडं औषध कमी पडणार होतं.

"सर, शुक्रवारचा नववा आकडा चुकलाय. ताटलीवर पाणी सांडलं होतं."

"एवढंच ना? कारण लिहा आणि आठांवर टेस्ट लावा. नियमात बसतं."

"लावली होती. साडेसात आलं."

"कधी लावलीत?"

"शुक्रवारीच."

मी घाईघाईनं पुढे म्हणाले, "मुलीला ताप होता, सर. पाळणाघरातून फोन आला, काही सुचेना..." बोलता बोलता तिच्या केसांवरून फिरणारा हात मी मागे घेतला.

"ताप समजला हो. पण आकडा खोडून बघायचं बरं सुचलं?"

मी औषधाच्या बाटलीचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"गाडी थांबवतो. उद्या आठाला या. नवे नऊ कप, माझ्यासमोर." फोन ठेवला त्यांनी.

लेक माझ्याकडेच बघत होती. तापानं डोळे लकाकत होते.

"आई, तू पाणी सांडलंस?"

"हो गं राणी."

"मग पुसून परत का नाही मोजलंस?"