रुसलेल्या देवाच्या दारात

घर कुणाला द्यायचं ते डोंगरावरच्या कार्तिकेयासमोर सांगेन, असं सासूबाईंनी जाहीर केलं, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, "त्यापेक्षा वकिलासमोर सांगायला हवं होतं."

"पाण्याची बाटली घेतलीत का?" ती म्हणाली. जावयाच्या मताला आमच्याकडे एवढाच भाव.

माझी बायको भावंडांत मोठी. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा दोन्ही भाऊ कामात होते, म्हणून आम्ही भाड्याच्या खोल्या सोडून त्यांच्या घरी राहायला गेलो. पुढे सासरे गेले, सासूबाईंचे गुडघे गेले, आम्ही तिथेच राहिलो. आता घर मुलाच्या नावावर झालं तर आमचं बस्तान उठणार, हे सगळ्यांना माहीत होतं. बोलत कुणीच नव्हतं.

थोरला मेहुणा परदेशातून आला होता. वडिलांच्या आजारपणात त्याला विमानाचं तिकीट मिळत नव्हतं. या वेळी मिळालं. तो आईवर रुसलेला होता. कशावरून, ते विचारलं की "तिला विचारा" म्हणायचा. तिला माहीत नव्हतं. धाकटा लाडोबा. रोज फोनवर "आई, जेवलीस का?" विचारायचा, स्वयंपाक कोण करतं, ते त्याने कधी विचारलं नाही.

वर मंडपात सासूबाई बायकोच्या खांद्यावर भार टाकून उभ्या राहिल्या. पुजाऱ्याने गोष्ट सुरू केली. शंकर-पार्वतीने एक फळ ठेवलं. पृथ्वीला आधी प्रदक्षिणा घालेल त्याचं. कार्तिकेय मोरावर बसून निघाला. गणपतीने आईबापांभोवतीच फेरी मारली आणि फळ घेतलं. थोरला दमूनभागून परत येतो तर कारभार आटोपलेला! रागाने घर सोडलं आणि या डोंगरावर येऊन बसला. आई समजूत घालायला आली, तरी परतला नाही.

लाडोबाने संधी दवडली नाही. "आई, माझी पृथ्वी तूच!" म्हणत, हात जोडून तो सासूबाईंभोवती फिरू लागला. पण त्या एकट्या कुठे उभ्या होत्या?

"ताई, जरा बाजूला हो ना. तुलाही प्रदक्षिणा पडतेय."

"होते की. मग आईला तू धर."

तो तसाच फिरत राहिला.

"नाटक्या!" थोरला पुटपुटला आणि खांबाकडे तोंड करून उभा राहिला.

सासूबाईंचं लक्ष फिरणाऱ्याकडे नव्हतंच. त्या पाठमोऱ्या पोराकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"त्या माउलीने चूक केली," त्या म्हणाल्या. "जग फिरून आलेल्याला रिकाम्या हाताने पाठवलं. मी नाही पाठवणार. घर थोरल्याचं."

लाडोबा अर्ध्या फेरीत थांबला. थोरल्याचा रुसवा मात्र तत्क्षणी उतरला. त्याने आईचे पाय धरले, डोळे पुसले आणि त्याच दमात सांगितलं की गिऱ्हाईक तयार आहे. "आई, तू काळजी करू नकोस. तू ताईकडे राहा. तुला सवयच आहे."

"ताई कुठे राहते रे?" मी विचारलं.

"भावोजी, तुम्ही यात पडू नका."

मग मी पुजाऱ्याकडे वळलो. "गुरुजी, या दोघांना बहीण नव्हती का?"

"असेलही," ताटातली फुलं आवरत ते म्हणाले. "गोष्टीत येत नाही."

दोन्ही भाऊ भांडत पुढे उतरून गेले. बायकोने सासूबाईंना पहिल्या पायरीवर बसवलं, त्यांच्या पायांत चपला घातल्या. सासूबाईंनी तिच्याकडे बघितलं.

"तू नाही ना गं रुसलीस?"

"मी रुसून कसं चालेल?" बायको म्हणाली. "तुला खाली कोण नेणार?"

सासूबाईंना केवढं हायसं वाटलं! त्यांनी हात पुढे केला.