एक नंबर मोठे टायर

फोन आला तेव्हा तो एका दुकानदाराच्या काट्यावर वीस किलोचं वजन ठेवत होता. मंगळवार, दुपारचे सव्वाबारा. तो वजनमापं तपासणारा सरकारी माणूस. बाजारात त्याला काटेसाहेब म्हणत. तोंडावर नमस्कार, पाठ वळली की शिव्या. पलीकडून धाकटा मेहुणा नुसता “भावजी, भावजी” करत होता.

“अरे, पुढे बोलशील का?” तो खेकसला.

“ताई गेली, भावजी.”

“कुठे गेली?”

मेहुणा रडायला लागला तेव्हा त्याला कळलं. काटा दीडशे ग्रॅम खोटा होता. त्याने तो तसाच सोडला आणि पायऱ्या उतरला. नोकरीत असं पहिल्यांदाच घडलं.

बायको पाच दिवस शाळेची बस चालवायची. चाळीसच्या वर काटा जाऊ द्यायची नाही. मागे पोरांचा गोंधळ, पुढे हिचा दरडावणारा आवाज. सुट्टी लागली की मात्र जुनी गाडी काढून मोटारींच्या रॅलीला पळायची. दोन-तीन दिवस, सातशे-आठशे किलोमीटर, बहुतेक कच्ची वाट. गाडीच्या सीटची कव्हरं स्वतः शिवायची, तेल स्वतः बदलायची. नंबर कधी आला नाही. एकदा अकरावी आली तर बसमधल्या सगळ्या पोरांना चॉकलेटं वाटली होती.

तिच्या शेजारी वही घेऊन तोच बसायचा. रॅलीवाले एक वही देतात. तिच्यात प्रत्येक वळण, प्रत्येक खड्डा किती किलोमीटरवर आहे ते लिहिलेलं असतं. गाडीतला मीटर बघायचा आणि धोका यायच्या आधी ओरडून सांगायचं, एवढंच काम. पण मीटर मोजतो ते चाकाचे फेरे. म्हणून निघण्याआधी ती गाडी कालव्याच्या रस्त्यावर चालवायची आणि तो शेजारी बसून दहा किलोमीटरचे दगड धरून मीटर जुळवायचा आणि त्याखाली पांढऱ्या पट्टीवर आकडा व तारीख लिहायचा. “आमचे हे देवाचासुद्धा काटा तपासून घेतील,” ती म्हणायची.

या वेळी मात्र निघायच्या आधी रॅलीवाल्यांच्या क्लबात चारचौघांत ती म्हणाली, “आमचे साहेब इतकं सावकाश वाचतात की वळण मागे पडल्यावर कळतं, इथे वळायचं होतं.” सगळे हसले. तोही हसला, आणि घरी येऊन त्याने तोंड शिवलं. चार दिवस एक शब्द नाही. “तुझ्या बहिणीला सांग, मला सुट्टी नाही,” असं मेहुण्याकरवी कळवलं आणि आपल्या जागी मेहुण्यालाच पाठवलं. मोठेपणा दाखवायला गाडीला चार नवे टायर तेवढे घालून आणले. “एक नंबर मोठे घाला, गाडी दगडांवरून उंच राहील,” टायरवाला म्हणाला. याने मान हलवली.

शोकसभेत क्लबचा सेक्रेटरी म्हणाला, “ताई आपलं आवडतं काम करता करता गेल्या.” हा ताडकन उठला. “तिला गाडी चालवायला आवडायचं. घळीत पडायला नाही. बसा खाली!” सेक्रेटरी बसला. पण राग काही बसला नाही. तो आयोजकांवर निघाला, ॲम्ब्युलन्सवर निघाला, आणि मग कायमचा मेहुण्याच्या मानगुटीवर जाऊन बसला.

गाडी ट्रकवरून अंगणात आली त्या दिवशी मेहुणा आला. हात प्लास्टरमध्ये, काखेत वही.

“वाचता येतं ना तुला?” याने दारातच विचारलं. “एकेचाळिसाव्या किलोमीटरला घळ. तीन उद्गारचिन्हं काढलीत. आंधळा होतास?”

“मीटरवर चाळीसच झाले होते, भावजी. अजून एक किलोमीटर आहे असं मी म्हटलं.”

“खोटं बोलू नकोस!”

“आईशप्पथ. सकाळपासूनच जुळत नव्हतं. पूल लवकर आला, देऊळही लवकर आलं. मी ताईला म्हटलं, थांबून बघू या. ती म्हणाली, तुझंच काहीतरी चुकतंय. मीटर तुझ्या भावजींनी लावलाय, त्यांचं माप चुकत नाही. चल.” मेहुण्याने नाक पुसलं. “माझंच चुकलं असणार. मारा मला, पण बोलत राहा. आई तर बोलतच नाही.”

“चालता हो,” हा म्हणाला.

तो गेल्यावर हा चेपलेल्या दारातून आत वाकला. मीटरची काच फुटली नव्हती. खाली पांढरी पट्टी, त्याचंच अक्षर. तारीख मागच्या रॅलीची.

त्याने टायर बदलले होते. मीटर जुळवला नव्हता. मोठं चाक एका फेऱ्यात जास्त वाट कापतं आणि मीटर कमी दाखवतो, हे कुणी त्याला शिकवायला नको होतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे खोटे काटे पकडले होते. पण कालव्याच्या रस्त्यावर जायचं तर तिला सांगावं लागलं असतं, आणि तो रुसला होता.

त्याने टायरला लाथ घातली. पुन्हा घातली. मग तो तिच्यावरच ओरडला, “डोळे होते ना तुला? माझ्यावर कशाला विसंबलीस?” शेजारीण गॅलरीत आली आणि आत गेली.

या गोष्टीला सव्वा महिना झाला. त्याने पट्टी काढलेली नाही. मेहुण्याचे दोन फोन आले, याने उचलले नाहीत. सासूबाई पोटच्या मुलाला उंबरठ्याच्या आत घेत नाहीत. सगळे म्हणतात, वही वाचता येत नव्हती तर बसला कशाला. हा समोर असतो आणि ऐकून घेतो.

त्याने अजून कुणाला काही सांगितलेलं नाही.