दुसरा कप

खुशालरावांनी फोन उचलणं बंद केलं, तसे शेषराव अकोल्याहून जीप धरून थेट दर्यापूरला आले. दोघांचंही हृदय कमजोर. पाणी मोजून प्यायचं, मीठ बेतानं खायचं. दवाखान्यानं प्रत्येक नव्या पेशंटच्या सोबतीला एक जुना पेशंट दिलेला. खुशालरावांच्या वाट्याला शेषराव आले होते.

समोरच्या खोलीत पाहुणे बसलेले. धामणगावचे. खुशालरावांच्या मुलीला, निधीला पाहायला आलेले.

"हे आमचे अकोल्याचे सोयरे," खुशालराव घाईनं म्हणाले आणि डोळ्यांनीच विनवलं, बोलू नका.

शेषरावांनी खाली पाहिलं. खुशालरावांचे पाय पायजम्याखाली टम्म सुजलेले. बोलताना वाक्य अर्ध्यात तुटत होतं. तरी हा माणूस पाहुण्यांच्या बरोबरीनं खारा चिवडा खात होता, चहाचा दुसरा कप पीत होता. पोरीच्या बापानं हात आखडला की पाहुणे विचारणार, काहून? बाप आजारी आहे कळलं की पोरगी नाकारणार. सोयरीक करताना लोक जात पाहतात, शेत पाहतात. आता बापाचं काळीजही तपासायला लागले. लाज कशी ती नाही.

शेषरावांपुढं चहा आला.

"मले नको. माहं हृदय अर्धंच काम करते."

मुलाचे वडील दचकले. "मंग असे फिरून कसे राहिले तुमी?"

"गोया खातो, सकाळी वजन करतो. एकदम वाढलं का डॉक्टरले फोन. अंगात पाणी साचलं ना बाप्पा, तर आडवं होता येत नाई. बसूनच झोपा लागते."

खुशालराव सध्या तक्क्याला टेकून, बसूनच रात्र काढत होते. घरात हे फक्त निधीला माहीत होतं. ती दारात उभी होती. तिच्याकडं बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"मी बी याइच्यासारखाच पेशंट हावो," ते म्हणाले.

पाहुणे "कळवतो" म्हणून उठले. कळवतो म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही समजतं.

"मोडली ना माह्या पोरीची सोयरीक!" खुशालराव कडाडले. लगेच धाप लागली.

"मोडली असन. शिव्या मंग द्या. आंधी डॉक्टरले फोन लावू द्या."

निधी आतून वजनकाटा घेऊन आली. "बाबा, उभे राहा याच्यावर. बाप मारून मले नवरा नाई पायजे."

खुशालराव काट्यावर चढले, डगमगले. शेषरावांनी दंडाला धरून त्यांना सावरलं. मग वजन खरं यावं म्हणून हात सोडला.