तिसऱ्या मजल्यावरची बाई

टीव्हीवर आमची गल्ली बुडत होती आणि मी त्याच गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर, बाबांच्या प्लास्टरमधल्या पायाखाली उशी सरकवत होते. खिडकीतून खाली पाहिलं. नाक्यावर घोटाभर पाणी आणि त्यात पँट दुमडून उभा असलेला इस्त्रीवाला. बस्स, एवढाच आमचा महापूर. पडद्यावर मात्र तळमजले गडप झाले होते आणि निवेदिका घसा फोडून ओरडत होती, "थेट दृश्यं! लोक छतावर अडकलेत!"

"कुठल्या छतावर गं बाई?" मी टीव्हीलाच विचारलं. "आमच्या छतावर फक्त पाण्याची टाकी आहे."

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. तिला धाप लागली होती. "अगं, हे टेम्पो घेऊन निघालेत, तुम्हा दोघांना आणायला. बातम्या बघून नुसते वेडेपिसे झाले. फरशी पुलावरून येतायत."

दादाच्या आणि आमच्या घराच्या मध्ये नदी आहे. फरशी पूल म्हणजे पाण्यालगत टाकलेला रस्ता, त्याला साधा कठडासुद्धा नाही. सकाळीच दूधवाला तिथून परत फिरला होता, पुलावरून पाणी वाहतंय म्हणून. त्या खऱ्या पाण्याकडे एकही कॅमेरावाला फिरकला नव्हता.

दादाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला, तरी लागेना. शेवटी एकदाचा उचलला त्याने. नदीच्या त्याच्या बाजूच्या पेट्रोल पंपावर डिझेल भरत होता.

"दादा, येऊ नकोस. इथे काही झालेलं नाही. सगळं ठीक आहे."

"हो का? पंपाच्या ऑफिसातल्या टीव्हीसमोर उभा आहे मी. आपली बिल्डिंग दिसतेय मला."

"खोटं आहे ते! तो मागचा पूर आहे."

"आणि तुझं खरं? तुमचं 'सगळं ठीक' मला चांगलं माहीत आहे."

कप्पाळ माझं! आमच्या घराची खोडच ती. फोनवर वाईट सांगायचंच नाही. बाबांचा पाय मोडला तेव्हा दादाला काय सांगितलं, तर जरा मुरगळलाय. आणि गेल्या वर्षी आई गेली तेव्हा बाबा त्याला म्हणाले होते, "आईला थोडं बरं नाही, सावकाश ये." तो सावकाश आला. रस्त्यात थांबून तिच्यासाठी फळं घेऊन आला. त्या दिवसापासून त्याने आमच्या एकाही शब्दावर विश्वास ठेवलेला नाही.

"बाबांना दे," तो म्हणाला.

मी फोन बाबांच्या कानाला लावला. बाबांनी काय बोलावं? "अरे बाळा, सगळं ठीक आहे, उगाच काळजी करू नकोस."

मी फोन हिसकावून घेतला. असा संताप आला म्हणता!

"पढवून ठेवलंयस त्यांना," दादा म्हणाला. "आत्ताच एक ट्रक गेलाय पुलावरून. माझा टेम्पोही जाईल. ठेवतो."

"अगं..." बाबा पलंगावर अर्धे उठले होते. बोट टीव्हीकडे. "ती बघ."

आमचीच गॅलरी. खाली गढूळ पाणी आणि वर एक बाई दोरीवरचे कपडे भराभरा ओढतेय. वाकून खाली कुणालातरी रागावतेय.

"दादा, फोन ठेवू नकोस! टीव्हीकडे बघ. आपल्या गॅलरीत कोण आहे ते बघ!"

"कुठे? आता जाहिरात लागलीय."

"थांब, परत दाखवतील. मेले तेच तेच दाखवतायत."

"मागे रांग लागलीय गं. हॉर्न ऐकू येतायत ना?"

"वाजू देत! एकदा बघ, मग हवा तर जा. आजवर काही मागितलंय मी तुझ्याकडे?"

जाहिरात संपता संपेना. माझा घाम फोनला लागून तो हातातून निसटत होता. कसला तरी साबण, मग कसला तरी रंग. मग एकदाची ती निवेदिका आली, तिची थेट दृश्यं आली, आणि आमची गॅलरी आली.

पलीकडून फक्त हॉर्न ऐकू येत होते.

"आई," दादा म्हणाला. लहानपणी शाळेतून आल्यावर दारातून हाक मारायचा, तसा.

"हो. आता पटलं?"

"टेम्पो बाजूला घेतो," तो म्हणाला आणि रडायला लागला. मीही रडले. किती घाबरले होते ते तेव्हा कळलं मला.

पडद्याखालच्या पट्टीत त्या चॅनेलचा नंबर होता. त्यांची अशी खरडपट्टी काढायची होती की जन्मभर त्यांनी 'थेट' हा शब्द उच्चारला नसता. मी टीव्हीचा आवाज बंद करायला रिमोट शोधू लागले, तर तो बाबांनी छातीशी घट्ट धरलेला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "आत्ता परत येईल ती."

"ठेवू नकोस फोन," तिकडून दादा म्हणाला. "अजून एकदा दाखवतील ना?"

मी फोन स्पीकरवर टाकला आणि बाबांच्या पायाशी बसले. पुन्हा ती साबणाची जाहिरात लागली होती. आम्ही तिघं ती संपायची वाट बघत होतो.